लढाईचा खेळ की भटकंतीचा? देवगिरी, वेरूळ आणि मलिक अंबरची नहर

१/२४
या धाग्यांखाली एक प्रश्न वारंवार येतो : ‘इतिहासाची आवड असेल तर कोणता व्हिडिओ गेम खेळावा?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन पर्याय असतात. पहिल्यात सुरुवातीलाच हाती तलवार येते आणि शेवटपर्यंत ती म्यान होत नाही. दुसऱ्यात कुणी अंगावर धावून येत नाही. पडक्या वाड्यातून, निर्मनुष्य बेटावरून, अर्धवट अंधारातून आपण चालत राहतो आणि इथे काय घडले असावे याचा माग काढतो. सुट्टी थोडी आणि पैसे मोजके असल्यामुळे निवड करावीच लागते. आजचा धागा त्या निवडीविषयी आहे.

२/२४
ही निवड वरवर दिसते तितकी किरकोळ नाही. प्रत्येक खेळ आपल्या नजरेला वळण लावतो. लढाईच्या खेळात भिंत दिसली की आपण तिच्याआड लपता येईल का ते पाहतो. भटकंतीच्या खेळात तिच्यावर काय कोरले आहे ते पाहतो. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन्ही नजरा लागतात, पण कुठे कोणती वापरायची हे कळावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात राहणाऱ्यांना याचा सराव करण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी आणि खुद्द शहराखालची नहर, ही तिन्ही ठिकाणे सुमारे तीस किलोमीटरच्या टप्प्यात आहेत.

३/२४
आधी वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याकडे वळू. लोक त्याला धुमार लेणे म्हणतात. तिथे एका भिंतीवर शिव अंधकासुराचा वध करतो आहे : अनेक हातांत शस्त्रे, ताणलेले शरीर, चेहऱ्यावर क्रोध. त्याच लेण्यात दुसऱ्या शिल्पपटावर शिव आणि पार्वती द्यूत खेळत बसले आहेत. वेरूळच्या अशा द्यूतपटांत खालच्या बाजूला गण नंदीची थट्टा करतानाही दिसतात. शिल्पकारांनी संहार आणि खेळ एकाच छताखाली ठेवले आणि पाहणाऱ्याने एकाकडून दुसऱ्याकडे चालत जावे अशी रचना केली. दोहोंपैकी एक निवडा, असा आग्रह त्यांनी धरलेला नाही.

४/२४
पटावरच्या जुन्या भारतीय खेळांतही हे दोन प्रवाह दिसतात. चतुरंग हा नावापासूनच सैन्याचा खेळ आहे : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. समोरच्याचा राजा कोंडला की डाव संपला. याच्या उलट मोक्षपट. त्यात प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारायची नसते. सद्गुणांच्या शिडीने वर चढायचे आणि दुर्गुणांच्या सापाने खाली उतरायचे. मराठी परंपरा मोक्षपटाचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते, आणि ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे आपेगाव आपल्याच जिल्ह्यात, पैठण तालुक्यात आहे. परंपरेच्या या दाव्याची चर्चा स्वतंत्र धाग्यात करता येईल. इथे एवढेच पाहू की एका पटावर शत्रू आहे आणि दुसऱ्यावर वाट आहे.

५/२४
संगणकाच्या पडद्यावरची कथाही अशीच दुहेरी आहे. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करतात आणि मध्ये एक तारा दोघांनाही आपल्याकडे ओढत असतो. शीतयुद्धाचा आणि अवकाश-स्पर्धेचा तो काळ होता. पडद्यावर हलणारी वस्तू दाखवण्याची सोय नुकतीच हाती आली होती, आणि त्या सोयीला सुचलेली पहिली मोठी कल्पना द्वंद्वयुद्धाची होती. लढाईच्या खेळांची वंशावळ इथून सुरू होते असे म्हणायला हरकत नाही.

६/२४
दुसऱ्या शाखेचा जन्म मात्र एका गुहेत झाला. विल क्राउदर हा संगणक-अभियंता गुहा-संशोधनाचा छंद बाळगून होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या मोजणीत आणि नकाशांच्या कामात तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया, दोघेही होते. १९७६च्या सुमारास त्याने त्या गुहेवर आधारलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. त्यात चित्र नव्हते, फक्त मजकूर होता. खेळणारा ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशा आज्ञा टंकायचा आणि पुढच्या दालनाचे वर्णन वाचायचा. १९७७ साली डॉन वुड्स याने त्याचा विस्तार केला. त्या खेळातही कुऱ्हाड फेकणारे बुटके भेटत असत, पण खेळाचा गाभा होता तो अंधारात रस्ता शोधणे आणि मनात नकाशा धरून ठेवणे.

७/२४
पुढे १९९३ साली दोन्ही शाखा एकाच वर्षी भरास आल्या. सप्टेंबरमध्ये मिलर बंधूंचा ‘मिस्ट’ आला : एक ओसाड बेट, बंद ग्रंथालय, न उलगडलेली यंत्रे, अंगावर येणारा शत्रू नाही, घाई नाही. डिसेंबरमध्ये ‘डूम’ आला : मंगळाच्या उपग्रहांवरचे राक्षस, हातात बंदूक, क्षणाचीही उसंत नाही. पुढच्या अनेक वर्षांच्या गेमनिर्मितीवर ‘डूम’ची छाप पडली. तरीही खपाच्या बाबतीत ‘मिस्ट’ दीर्घकाळ संगणकावरचा सर्वाधिक विकला गेलेला खेळ होता. २००२ साली ‘द सिम्स’ने त्याला मागे टाकले. शांतपणे पाहत फिरण्याला गिऱ्हाईक नसते, हा समज तेव्हाही खरा नव्हता.

८/२४
२००८ साली इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठातील डॅन पिंचबेक या संशोधकाने एक प्रयोग केला. बंदूकबाजीच्या खेळातून बंदूक काढून घेतली तर मागे काय उरते? ‘हाफ-लाइफ २’ या लढाऊ खेळाच्या यंत्रणेवरच त्याने ‘डिअर एस्थर’ उभा केला. एक स्कॉटिश बेट, वारा, तुटक तुटक ऐकू येणारे निवेदन आणि चालणे. २०१२ साली तो स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीला आला. अशा खेळांना ‘वॉकिंग सिम्युलेटर’ हे नाव पडले ते प्रथम कुचेष्टेने : हा कसला खेळ, यात नुसते चालायचे! पुढे तेच नाव त्या प्रकाराची ओळख बनले.

९/२४
इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत उपयोगी पडेल असे उदाहरण २०१८ सालचे आहे. ‘असॅसिन्स क्रीड : ओरिजिन्स’ हा क्लिओपात्राच्या काळातील इजिप्तमध्ये घडणारा खेळ २०१७ साली आला होता. तो अर्थातच मारामारीचा होता. पुढल्या फेब्रुवारीत निर्मात्यांनी त्यालाच ‘डिस्कव्हरी टूर’ नावाची जोड दिली. तोच इजिप्त, तेच अलेक्झांड्रिया, पण लढाई पूर्णपणे वगळलेली. त्याऐवजी पंचाहत्तर मार्गदर्शित फेऱ्या : पिरॅमिड, ममी तयार करण्याची पद्धत, शेती, रोजचे जगणे. एकच शहर दोन नजरांनी पाहायचे असेल, तर याहून सोपी प्रयोगशाळा सापडणे कठीण आहे.

१०/२४
या दोन आवृत्त्या लागोपाठ खेळून पाहा. पहिल्यात तुम्ही छपरांवरून धावता. पहारेकरी कुठे उभा आहे, गल्लीचे दुसरे तोंड कुठे निघते, हे तुम्हांला नेमके कळते. शहर म्हणजे डावपेचांची जागा. दुसऱ्यात त्याच गल्लीत तुम्ही थांबता. कामाला लागलेली माणसे, मंदिराच्या भिंती, कालव्याचे पाणी, सारे दिसू लागते. पण त्याच वेळी काहीतरी हरवतेही. राजघराण्यातील भाऊबहिणींचा संघर्ष, रोमची वाढती सावली, सामान्य माणसाच्या मनातली धास्ती, हे सगळे पुसले जाऊन देश एखाद्या नीटनेटक्या संग्रहालयासारखा वाटू लागतो. तलवार काढून घेतली की भीतीही निघून जाते, आणि भीती हीसुद्धा इतिहासातली एक वस्तुस्थिती असते.

११/२४
भारताच्या वाट्याला काय आले? २०१७ सालच्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’मध्ये नायिका पश्चिम घाटात होयसळांचे अवशेष शोधत फिरते. निसर्ग देखणा आहे, शिल्पांवर मेहनत घेतलेली आहे. पण ठरावीक अंतराने गोळीबार सुरू होतो, आणि मघापर्यंत न्याहाळत असलेल्या कोरीव दगडाआड आपण बंदूक घेऊन दबा धरून बसतो. बेलूर-हळेबीड प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला तिथे थोडे अवघडल्यासारखे होते. खेळाने आपल्याला वारसा दाखवला आणि दुसऱ्याच क्षणी त्याची ढाल करायला लावली.

१२/२४
पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ आणला. राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात असुरांशी लढते; दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात. खेळ लढाईचाच आहे. मात्र वाटेत ठिकठिकाणी भिंतीवर चित्रे आहेत. त्यांच्यासमोर थांबले की पुराणकथा ऐकू येते. थांबायचे की पुढे पळायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. लढाई आणि भटकंती एकाच खेळात कशी नांदू शकते याचा हा आपल्या घरचा दाखला.

१३/२४
आता पडद्यावरून खऱ्या दगडाकडे येऊ. देवगिरी तथा दौलताबादचा किल्ला. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवांनी इथे राजधानी केली, आणि पुढे १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणण्याचा घाट घातला. डोंगराची खालची बाजू सुमारे पन्नास मीटर उंचीपर्यंत तासून सरळ उभी केली आहे, म्हणजे दोर लावायलाही खाच मिळू नये. पायथ्याशी खंदक. एकामागून एक तटबंद्या, वळणावळणाचे दरवाजे, हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारांवर अणकुचीदार खिळे. इथे प्रत्येक दगडाला हल्लेखोर गृहीत धरून बसवले आहे.

१४/२४
खंदक ओलांडल्यावर अंधेरी लागते : कातळ पोखरून केलेला, वाकडातिकडा, काळोखा मार्ग. पायऱ्या मुद्दाम असमान. पाऊल अंदाजाने टाकले की चुकते. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण आणि शेगडीची सोय, म्हणजे आत शिरलेल्यांवर धूर सोडता यावा. एकीकडे थेट खंदकात उघडणारी फट. आज पर्यटक मोबाइलचा दिवा लावून हसत, ओरडत तिथून जातात, डोक्यावर वटवाघळे फडफडतात, आणि ‘काय वातावरण आहे!’ असे उद्गार निघतात. मात्र ते वातावरण कुणाच्या मनोरंजनासाठी निर्माण केलेले नव्हते. तो माणसे मारण्याचा मार्ग होता. इथे नुसत्या भटक्याची नजर घेऊन गेले, तर वास्तूचा अर्थच निसटतो.

१५/२४
पण लढवय्याची नजरही इथे पुरी पडत नाही. १२९६ साली अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा रामदेवराय यादवाने किल्ल्याचा आश्रय घेतला. मोठे सैन्य बाहेर गेलेले होते. घाईघाईने गडावर चढवलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, अशी कथा फिरिश्त्याच्या वृत्तांतात येते. पुढे १६३३ साली मोगलांचा सरदार महाबतखान याने हा किल्ला घेतला, तेव्हाही सुरुंगांच्या बरोबरीने उपासमारीने काम केले. ज्या किल्ल्याला तलवारीने जिंकणे जवळपास अशक्य होते, त्याचा निकाल कोठाराने लावला. पोत्यात काय आहे हे पाहायला भटक्याचे कुतूहल लागते. लढाईच्या खेळात ते पोते बहुधा नुसते आडोसा असते.

१६/२४
तिथून वेरूळला जा. चौतीस लेणी : बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन. सोळावे कैलास, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे, डोंगर वरून खाली कोरत नेऊन घडवलेले. इथे लढाई नाही असे समजू नका. मंदिराच्या एका बाजूला रामायणाचे आणि दुसऱ्या बाजूला महाभारताचे प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी कोरले आहेत. त्यांत युद्ध भरपूर आहे. मात्र ते युद्ध पाहायचे तर भिंतीच्या कडेने चालावे लागते, मान वर करावी लागते, मागे येऊन पुन्हा वाचावे लागते. बाराशे वर्षांपूर्वीच्या कलावंतांनी लढाईची गोष्ट भटकंतीच्या पद्धतीने सांगितली.

१७/२४
भटकंतीच्या खेळांची एक मोठी उणीव इथेच लक्षात येते. त्यांतील जागा बहुतेक वेळा निर्मनुष्य असतात. ओसाड बेट, रिकामे घर, विस्मृत नगर. त्या रिकामेपणाला सौंदर्य असते हे खरे, पण त्याची सवय लागली की कैलासातही आपल्याला फक्त सावल्या आणि शांतता दिसू लागते. छिन्नी कुणी धरली, निघालेला दगड कुणी वाहून नेला, त्यांच्या भाकरीची सोय कुठून झाली, हे प्रश्न सुचत नाहीत. लढाईचा खेळ माणसाला लक्ष्य बनवतो, भटकंतीचा त्याला गैरहजर करतो. ज्याला इतिहास शिकायचा आहे त्याला दोन्ही गोष्टी खटकल्या पाहिजेत.

१८/२४
मग निवड कशी करायची? त्यासाठी या शहराच्या संस्थापकाकडेच जाऊ. मलिक अंबर : हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेला. त्याच्यावर लढाईचा खेळ काढायचा तर साहित्य तयार आहे. सह्याद्रीच्या आसऱ्याने केलेला गनिमी कावा, मोगलांची वर्षानुवर्षे उडवलेली दाणादाण. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून रणभूमीचा चिखल केला आणि विजय मिळवला. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले.

१९/२४
याच माणसावर भटकंतीचाही खेळ निघू शकतो. १६१० साली त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले. तेच पुढे त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या, नावाने फतेहनगर, मग औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. डोंगरांनी वेढलेल्या या उंचसखल जागी मोठी वस्ती कशी जगणार? अंबरने उत्तरेच्या, हर्सूलकडच्या बाजूने जमिनीखालचे पाणी गोळा करून नहर काढली. दगडी, बांधीव भुयारी मार्ग आणि केवळ उताराच्या जोरावर वाहणारे पाणी. मधूनमधून झरोके आणि मनोरे. पाणी उपसायला बैल नको, मोट नको. अशा मार्गातून दिवटी घेऊन, उतार मोजत, फाटे शोधत जाणारा खेळ क्राउदरच्या गुहेइतकाच रंगेल.

२०/२४
भातवडीचा बांध आणि खडकीची नहर शेजारी ठेवून पाहा. माणूस एकच, पाण्याच्या वागणुकीची जाण एकच. पाणी कुठे साठते, कोणत्या उताराने धावते, किती माती धरते, हे ज्याला कळत होते त्याने एकदा त्या ज्ञानाने शहर वसवले आणि पुढे त्याच ज्ञानाने शत्रूचे तोफखाने रुतवले. त्याचे अर्धेच चरित्र खेळले तर तो अर्धाच कळतो. नुसता सेनानी म्हणून पाहिला तर रणांगणावरची ती युक्ती अचानक सुचलेली वाटते. नुसता नगररचनाकार म्हणून पाहिला तर त्याचे शहर कोणत्या सततच्या धोक्यात उभे राहिले ते दिसत नाही.

२१/२४
पण यांतला कोणता अंबर आपल्यापर्यंत पोचतो? रील्स पाहा, व्हिडिओ पाहा, आमच्यासारख्यांचे धागेही पाहा : तलवार, घोडे, जयजयकार. नहर क्वचित. त्याचे परिणाम कागदावर राहत नाहीत. बुरूज पडला तर लोक हळहळतात, बातमी होते. नहरेचा मनोरा बांधकामात आला तर तो नेमका काय होता हेच अनेकांना ठाऊक नसते. नहरेचे काही भाग फुटले, काही इमारतींखाली गेले. ज्या गोष्टीकडे पाहायला नजर शिकलेली नाही, तिच्या नाशाची तक्रार कोण करणार?

२२/२४
आणि हे नुकसान केवळ वारशाचे नाही. आज शहराला पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून उपसून आणावे लागते, आणि अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. चारशे वर्षांपूर्वीची नहर आजच्या लोकसंख्येची तहान भागवील, असे कुणी म्हणू नये. पण या भूभागाचा उतार, इथले झिरपे, इथली जमीन कुणीतरी इतक्या बारकाईने वाचली होती, हे ठाऊक असलेली पिढी पाण्याविषयी वेगळे प्रश्न विचारते. पाणचक्कीवर जा. अठराव्या शतकात तिथे लांबून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून हौदात पाडून जाते फिरवले जात असे, आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळले जात असे. त्या जात्याभोवती एकही लढाई झालेली नाही, तरीही तो इतिहास आहे.

२३/२४
म्हणून खेळ निवडताना तीन प्रश्न विचारा. एक : ज्या जागेत खेळ घडतो ती मुळात कशासाठी बांधली होती? ती किल्ला असेल तर लढाईचा खेळ तिच्याविषयी खरे काही शिकवील. ती मठ, बाजार किंवा पाणवठा असेल तर बंदूक आड येईल. दोन : खेळात माणसे कुठे आहेत? फक्त मारण्यासाठी, अजिबातच नाहीत, की आपापल्या कामात गुंतलेली? तीन : खेळ बंद केल्यावर मनात काय उरते? फक्त गुणसंख्या उरली तर करमणूक झाली, आणि तीत वाईट काही नाही. ‘हे असे का बांधले असेल?’ असा प्रश्न उरला तर अभ्यास सुरू झाला.

२४/२४
एकच गेम घेण्याइतके पैसे असतील तर माझे मत स्पष्ट सांगतो : आधी भटकंतीचा घ्या. लढाया आपल्याला पाठ्यपुस्तकाने, पोवाड्याने, चित्रपटाने आधीच भरपूर दिल्या आहेत. हळू चालण्याचा सराव मात्र कुणी दिलेला नाही. ओरिजिन्ससारखा खेळ हाती आला तर दोन्ही प्रकारे खेळा. राजी खेळताना चित्रांपुढे थांबा. आणि देवगिरीला दोनदा जा : एकदा चढाई करणारा सैनिक होऊन, एकदा कोठाराचा हिशेब ठेवणारा कारकून होऊन. जाताना तुमच्या मोहल्ल्यात, गल्लीच्या कडेला, नहरेचा एखादा मनोरा किंवा झरोका दिसला तर त्याचे छायाचित्र आणि जागेची खूण या धाग्याखाली टाका. पुरेशा नोंदी जमल्या की पुढचा धागा त्या मनोऱ्यांच्या नकाशावर लिहू.